काउंटीच्या यादीतलं आमचं एक वाक्य

नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. घड्याळं एक तास मागे गेली की आमच्या इथे पाच वाजताच अंधार पडतो. लेक तेव्हा पाचवीत होती, शाळेतल्या चेस क्लबवरून चालत येत होती आणि मी नेहमीसारखी कोपऱ्यावर तिची वाट बघत उभी. तिने पांढऱ्या पट्ट्यांवर दोन पावलं टाकली आणि डावीकडून एक पिकअप इतक्या जोरात गेला की तिच्या जॅकेटची बाही वाऱ्याने फडफडलेली मला पलीकडून दिसली. ती जागच्या जागी थांबली म्हणून वाचली. घरी आल्यावर रडली नाही, काही बोललीच नाही, फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाली, आई तू पलीकडे नको उभी राहूस, इकडे ये मला घ्यायला.

आम्ही राहतो व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा), वॉशिंग्टन डीसीच्या पश्चिमेला. साडेअकरा लाख वस्तीची काउंटी, आपल्या मराठी लोकांची भरपूर घरं आहेत इथे. शाळेपासून एक मैलाच्या आत घर असेल तर प्राथमिक शाळेच्या मुलांना बस नसते, चालत जायचं. आमचं घर आतलं. रस्त्यावर पाटी ताशी २५ मैलांची, पण रस्ता रुंद आणि उताराचा, त्यामुळे पाटी वाचतं कोण.

त्या आठवड्यात मी तीन ठिकाणी ईमेल केले. पहिल्या ऑफिसचं उत्तर आलं की हा विषय आमच्याकडे नाही, दुसऱ्यांनी पहिल्याकडे पाठवलं, तिसऱ्यांनी एक फॉर्म दिला, तो भरला, एक नंबर मिळाला आणि पुढे दोन महिने शांतता. अशी टोलवाटोलवी आपल्याला नवीन नाही, पण लेकीची ती फडफडलेली बाही डोळ्यासमोर असताना ती सहन होत नाही, खरंच होत नाही.

रविवारी बाबांशी फोनवर बोलताना हे सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालेले. त्यांनी बाकी काही विचारलं नाही, एकच विचारलं, "अगं, रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघितलंस का?" आपल्याकडे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग पीडब्ल्यूडीकडे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मला मात्र हा प्रश्न सुचलाच नव्हता. घरासमोरचा गल्लीतला रस्ता, तो काउंटीचाच असणार असं मी धरूनच चालले होते.

तो काउंटीचा नव्हता. व्हर्जिनियात १९३२ साली, मोठ्या मंदीत, काउंट्यांना रस्ते सांभाळायला पैसे नव्हते म्हणून एक कायदा झाला, बर्ड रोड अॅक्ट, आणि काउंट्यांनी आपले रस्ते राज्याच्या हवाली केले. आज राज्यात ९५ काउंट्या आहेत, त्यातल्या फक्त आर्लिंग्टन आणि हेन्रिको या दोनच काउंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात. बाकी सगळीकडे गल्लीबोळापर्यंतचे बहुतेक रस्ते राज्याच्या वाहतूक खात्याचे, ज्याला इथे सगळे व्हीडॉट म्हणतात. म्हणजे आमच्या दारातल्या पाटीवरचा आकडा आमच्या काउंटीच्या बोर्डाला स्वतःहून बदलता येत नव्हता. बोर्डाच्या दहाही सदस्यांनी एकमताने ठराव केला असता तरी नाही.

आणि हे फक्त रस्त्यांचं नाही हे मला हळूहळू कळत गेलं. इथे डिलन्स रूल म्हणून एक तत्त्व चालतं, आयोवाच्या जज डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेलं, व्हर्जिनियाच्या कोर्टाने १८९६ मध्ये स्वीकारलेलं. सोप्या भाषेत सांगायचं तर राज्याने कायद्यात स्पष्ट लिहून दिलेलं असेल तेवढंच काउंटीने करायचं, आणि शंका असेल तर उत्तर नाही. दुकानात प्लास्टिकच्या पिशवीवर पाच सेंट घ्यायचे होते तर त्यालाही आधी २०२० मध्ये रिचमंडहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, परवानगीचा कायदा यावा लागला, मग काउंटीने ठराव केला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते पाच सेंट सुरू झाले. पाच सेंट! मी ते देत होते आणि त्याच्यामागे एवढी वारी झालीये याची कल्पना नव्हती.

जानेवारी २०२३ मध्ये मी आमच्या डेलिगेटच्या ऑफिसला फोन केला. डेलिगेट म्हणजे आपले आमदार समजा, खालच्या सभागृहातले, एकूण १००, आणि वरच्या सभागृहात ४० सिनेटर. अधिवेशन सुरू होऊन आठवडा झाला होता. फोनवरची मुलगी फार चांगली होती, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की बिलं टाकायची मुदत जवळजवळ संपलीये, यावेळी काही होणार नाही, आणि पुढच्या वेळी आमच्याकडे यायच्या आधी काउंटीच्या लेजिस्लेटिव्ह प्रोग्राममध्ये (काउंटी दरवर्षी राज्याकडे कुठले कायदे मागते त्याची यादी) तुमचा मुद्दा येतोय का बघा, कारण आम्ही आधी तिकडेच बघतो. आणि ती यादी उन्हाळा संपता संपता बनायला लागते, तेव्हा जानेवारीत नका येऊ, सप्टेंबरच्या आधी या.

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. त्याआधी मला वाटायचं की काउंटी म्हणजे सरकार, आपण अर्ज करायचा आणि त्यांनी मंजूर-नामंजूर करायचं. पण काउंटी स्वतःच अर्जदार आहे. तिलाही दरवर्षी आपला अर्ज लिहून रिचमंडच्या दारात उभं राहावं लागतं, आणि त्या अर्जात काय घालायचं, काय गाळायचं हे आधी तीन-चार महिने बसून ठरवावं लागतं. आपला कागद त्या तीन-चार महिन्यांत पोचला तर पोचला.

मग २०२३ चा उन्हाळा आम्ही त्यात घातला. आम्ही म्हणजे पाच जण, मी, समोरच्या तेलुगू काकू, कोपऱ्यावरचं एल साल्वादोरचं जोडपं ज्यांचा मुलगा तेव्हा पहिलीत जाणार होता, आणि एक रिटायर्ड शिक्षिका ज्या या वस्तीत आमच्या सगळ्यांच्या आधीपासून राहतात. लायब्ररीतली मीटिंग रूम फुकट मिळते, तिथे दर दुसऱ्या शनिवारी बसायचो. सुरुवातीला आमचा कागद चार पानी होता, त्यात सगळं होतं, पिकअप, अंधार, फुटपाथ, झाडांच्या फांद्या, लाइटचा खांब. तो घेऊन आमच्या सुपरवायझरच्या (म्हणजे काउंटी बोर्डावरचा आमच्या भागातला निवडून आलेला सदस्य) ऑफिसमध्ये गेलो. तिथल्या स्टाफमधल्या एका बाईंनी चारही पानं शांतपणे वाचली, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणाल्या, हे सगळं खरं आहे पण याचं मी काय करू? फांद्यांचं आणि खांबाचं मी उद्या बघते, त्याला कायदा लागत नाही. कायदा कशाला लागतो तेवढंच मला एका वाक्यात द्या. कुठलं कलम, त्यात आज काय आहे आणि तुम्हाला काय हवंय.

एका वाक्यासाठी आम्हाला पाच आठवडे लागले.

राज्याचा कायदा ऑनलाइन सगळा वाचायला मिळतो, तो वाचत बसलो. त्यात सापडलं असं की २०२१ मध्येच एक दुरुस्ती झाली होती, वस्तीच्या आणि बाजारपेठेच्या भागात स्थानिक संस्थेला वेगमर्यादा २५ च्या खाली, १५ मैलांपर्यंत आणता येईल अशी. आम्ही उडालोच, म्हटलं मग अडलंय कुठे? अडलं होतं ते पुन्हा बाबांच्या प्रश्नापाशीच. ती मुभा प्रत्यक्षात स्वतःचे रस्ते असलेल्या शहरांना उपयोगी पडत होती, राज्याच्या ताब्यातल्या रस्त्यांपर्यंत ती पोचत नव्हती, म्हणजे आमच्यासारख्या काउंट्यांना तिचा उपयोग शून्य. शेवटी आमचं वाक्य असं झालं: राज्याच्या रस्तेजाळ्यातल्या वस्तीच्या रस्त्यांवरही काउंटीला वेगमर्यादा २५ वरून १५ पर्यंत कमी करण्याचा अधिकार असावा. एवढंच. त्याच्या खाली आम्ही एकच आकडेवारी जोडली, ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेच्या फाउंडेशनचा २०११ चा अभ्यास, त्यात साधारण असं निघालंय की गाडी ताशी २३ मैलांनी माणसाला धडकली तर दहातला एक मरतो, ३२ ने धडकली तर चारातला एक आणि ४२ ने धडकली तर दोनातला एक. शिक्षिकाबाईंनी तो तक्ता हाताने काढला होता, तोच स्कॅन करून लावला.

यादी बनताना बघायला मी तीनदा गव्हर्नमेंट सेंटरला, म्हणजे काउंटीच्या मुख्य ऑफिसला, गेले. अख्खं बोर्डच लेजिस्लेटिव्ह कमिटी म्हणून बसतं, बैठक सगळ्यांना खुली असते, पण आपल्याला बोलायचं नसतं, मागे बसून ऐकायचं. पहिल्या बैठकीला बाहेर टेबलावर मसुद्याच्या प्रती ठेवल्या होत्या. गेल्या वर्षीचीच यादी, त्यात नवीन शब्द अधोरेखित आणि काढलेले शब्द आडवी रेघ मारून. मला तो कागद फार बोलका वाटला. काही परिच्छेद वर्षानुवर्षं तसेच चालत आलेले, एखाद्या ठिकाणी फक्त सालाचा आकडा बदललेला, म्हणजे काउंटी तेच मागणं पुन्हापुन्हा घेऊन जातेय आणि पुन्हापुन्हा हात हलवत परत येतेय. आणि कुठे कुठे "विनंती" खोडून "पाठिंबा" केलेलं किंवा उलट, आणि त्या एका शब्दावर समोर पंधरा मिनिटं चर्चा. तेव्हा मला वाटलं एका शब्दाचं एवढं काय, पुढे कळलं.

वरचे दोन-तीन मुद्दे कुठले हे जवळपास ठरलेलंच असतं, शाळा, वाहतूक आणि स्थानिक अधिकार. पण त्या वर्षी शाळांच्या मुद्द्याला धार आली होती. राज्याच्याच अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, जेलार्कचा, जुलै २०२३ मध्ये रिपोर्ट आला होता की व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे एका मुलामागे साधारण १९०० डॉलर. इतकी वर्षं काउंटी हेच सांगत होती, पण आता ते राज्याच्याच कागदावर आलं होतं. आमच्या काउंटीत शाळेत जाणारी १ लाख ८० हजारांच्या आसपास मुलं, जनरल फंडातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांनाच जातो, आणि राज्याचं एक सूत्र आहे, लोकल कॉम्पोझिट इंडेक्स, त्यात तुमची ऐपत किती ते ठरतं. राज्यभरात सरासरी ४५ टक्के वाटा स्थानिक, आमचा ०.६५ च्या आसपास, म्हणजे राज्य म्हणतं तुम्ही श्रीमंत आहात, ६५ टक्के तुम्हीच भरा. यावर एक सदस्य जे बोलले ते मला पटलं, की श्रीमंत काउंटीतही गरीब मुलं असतात, सरासरी काढली की ती दिसेनाशी होतात.

दुसरं मेट्रोचं. सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२ मध्ये डलेस विमानतळ ओलांडून अॅशबर्नपर्यंत गेली, आमच्यातल्या कितीतरी जणांचं ऑफिसला जाणं बदललं, आणि वर्षाच्या आत मेट्रोनेच सांगितलं की पुढच्या आर्थिक वर्षात ७५ कोटी डॉलरची तूट आहे. ती भरायला डीसी, मेरीलँड आणि व्हर्जिनिया तिघांनी मिळून पैसे काढायचे. म्हणजे रिचमंडमध्ये जाऊन दूरच्या, जिथे मेट्रो कधी जाणारच नाही अशा भागातल्या आमदारांना हे पटवून द्यायचं. ते कसं पटवायचं यावर त्या दिवशी खरोखर डोकेफोड झाली.

आणि हे सगळं चालू असताना समोर निवडणूक. ७ नोव्हेंबर २०२३ ला दोन्ही सभागृहांच्या मिळून १४० च्या १४० जागा, वर काउंटी बोर्डाचीही. म्हणजे यादी लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं की ती वाचणारे कोण असणार आहेत, आणि आपण तरी इथे असू की नाही. त्यामुळे मसुदा असा लिहीत होते की कुणीही सत्तेत आलं तरी तो समोर ठेवता यावा. निकाल लागला तेव्हा खालचं सभागृह ५१-४९ आणि सिनेट २१-१९, डेमोक्रॅट्सकडे, गव्हर्नर रिपब्लिकन. एवढ्या निसटत्या फरकात प्रत्येक शब्द जपून लिहिण्याचं महत्त्व माझ्यासारखीलाही कळत होतं.

आता आमच्या वाक्याचं. ऑक्टोबरच्या शेवटी सुपरवायझरच्या ऑफिसमधून फोन आला, तुमचा मुद्दा इनिशिएटिव्ह म्हणून जाणार नाही, पोझिशनमध्ये जाईल. मला फरक माहीत नव्हता म्हणून आधी आनंदच झाला, मग त्यांनी समजावून सांगितलं. इनिशिएटिव्ह म्हणजे काउंटी स्वतः एखाद्या आमदाराला धरून बिल आणायला लावते, त्याच्यामागे आपली माणसं लावते. पोझिशन म्हणजे कुणी असं बिल आणलं तर आम्ही पाठिंबा देऊ. इनिशिएटिव्ह अगदी मोजकी ठेवतात. पादचारी सुरक्षेचा परिच्छेद यादीत आधीपासून होताच, त्यात आमचा मुद्दा बसवता येईल.

मी नाराज झाले, खोटं कशाला बोलू. फोनवर जरा तुटकच बोलले. मला वाटलं एवढे पाच आठवडे घासूनपुसून काढलेलं वाक्य आणि त्याला कुणी हात धरून पुढे नेणार नाही, कुणी आणलं तर बघू. त्या बाईंनी न चिडता सांगितलं, रिचमंडला दोन हजारांच्या वर बिलं येतात, आमची तिथे मूठभर माणसं, आम्ही वीस गोष्टी मागितल्या तर एकही गोष्ट आम्हाला खरंच हवी आहे असं कुणाला वाटत नाही.

पण मला खरं कळलं ते त्याच्या पुढच्या बैठकीत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, मांडीवर जाड फाइल. त्या यादीच्या दुसऱ्या भागासाठी आल्या होत्या, ह्युमन सर्व्हिसेसचा, म्हणजे समाजकल्याणाचा, वेगळा पेपर असतो यादीला जोडलेला. त्यांचा मुलगा पस्तिशीचा, जन्मापासून बौद्धिक अपंगत्व, आणि राज्याच्या मेडिकेड (सरकारी आरोग्य योजना) वेव्हरच्या प्रतीक्षायादीत कितीतरी वर्षं. वेव्हर मिळालं तर मदतनीस मिळतो, राहायची सोय होऊ शकते. राज्यभरात हजारो कुटुंबं त्या रांगेत. मला म्हणाल्या, मी दर वर्षी येते, या परिच्छेदातून ते एक वाक्य कुणी काढत तर नाहीये ना एवढंच बघायला येते. मी गेल्यावर त्याला कोण बघणार हा प्रश्न त्या वाक्यात आहे. मग फाइल उघडून त्यांनी मला आधीच्या वर्षांच्या याद्या दाखवल्या, प्रत्येकीत ते वाक्य पिवळ्या मार्करने रंगवलेलं, सगळ्यात जुनी पानं तर इतकी फिकी झालेली की पिवळा रंग ओळखू येत नव्हता.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी सुपरवायझरच्या ऑफिसला मेल केला, थँक यू म्हणून, आणि त्या दिवशी तुटक बोलले त्याबद्दल सॉरी म्हणून. (त्या बाईंसाठी एक चांगली गोष्ट घडली ती इथेच सांगते. त्याच डिसेंबरमध्ये गव्हर्नरने जे बजेट मांडलं त्यात प्रतीक्षायादीतल्या सगळ्यात तातडीच्या गटासाठी ३४४० जागा होत्या. बातमी वाचल्यावर पहिल्यांदा मला ती फिकी पानंच आठवली.)

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोर्डाने यादी मंजूर केली. मी घरून काउंटीच्या चॅनल १६ वर बघत होते, काही मिनिटांत झालं. तीन-चार महिन्यांची मेहनत आणि मंजुरीला काही मिनिटं, कारण भांडायचं ते सगळं आधी भांडून झालेलं असतं. पादचाऱ्यांच्या परिच्छेदात आमचे शब्द जसेच्या तसे नव्हते, पण वेगमर्यादेचा अधिकार आणि राज्याचे रस्ते, दोन्ही होतं. तेलुगू काकूंनी त्या दिवशी पुलिहोरा करून घरी पाठवला.

जानेवारीच्या सुरुवातीला, अधिवेशनाच्या आधी, एका शनिवारी सकाळी गव्हर्नमेंट सेंटरमध्ये आमच्या भागातले सगळे डेलिगेट आणि सिनेटर एकत्र बसतात आणि कुणीही जाऊन बोलू शकतं. आधी नाव नोंदवायचं. मी घरी सात-आठ वेळा मोठ्याने वाचून बघितलं होतं, लेक स्टॉपवॉच धरून. समोर दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. शंभराच्या वर माणसं बोलायला, शिक्षक, नर्सेस, झाडं वाचवणारे, भाडेकरूंची संघटना, आणि ती पिवळ्या मार्करवाली बाई पण. माझी पाळी आली तेव्हा मी पिकअपचं सांगितलंच नाही. आधी सांगणार होते, पण तिथे बसून ऐकताना वाटलं की प्रत्येकाचा पिकअप आहे. मी सरळ कलम सांगितलं, २०२१ ची दुरुस्ती सांगितली, ती कुठपर्यंत पोचते आणि कुठे संपते ते सांगितलं, काउंटीच्या यादीत हा मुद्दा अमुक पानावर आहे म्हणाले. तेव्हा दोन-तीन जणांनी समोरची यादी उलटून ते पान काढलं. दिवा पिवळा व्हायच्या आत माझं संपलं.

बिल आलं. ज्यांनी आणलं ते आमचे डेलिगेट नव्हते, आमचा त्यात काही वाटा होता असं मी म्हणणार नाही, राज्यभरातून अनेक लोक, अनेक शहरं-काउंट्या हेच मागत होत्या. पण बिल आलं त्या दिवशी काउंटीची भूमिका तयार होती, कुणाला विचारत बसावं लागलं नाही. अधिवेशन चालू असतानाही ती कमिटी भेटत राहते, एकेक बिल घेऊन ठरवते, पाठिंबा, विरोध, दुरुस्ती सुचवायची की नुसतं लक्ष ठेवायचं. आणि ज्या मुद्द्यावर आधीच यादीत भूमिका आहे त्यावर रिचमंडमधली काउंटीची माणसं लगेच उभी राहून बोलू शकतात. तेव्हा मला त्या "विनंती" आणि "पाठिंबा" मधल्या पंधरा मिनिटांचा अर्थ लागला. तिकडे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो शब्दच असतो, दुसरं काही नसतं.

एका सकाळी शिक्षिकाबाई आणि मी रिचमंडला गेलो, पहाटे चारला निघालो, शंभर मैल, आय-९५ हायवेची गर्दी लागायच्या आत. उपसमितीची बैठक सकाळी लवकर असते. इमारत नवी कोरी, ऑक्टोबर २०२३ मध्येच उघडलेली, तिथून भुयारी रस्त्याने जुन्या कॅपिटॉलला जाता येतं. आत एकामागून एक बिलं, अध्यक्ष म्हणतात पाठिंब्याला कोण आहे, माणसं रांगेने माइकपाशी येतात, नाव, संस्था, "आमचा पाठिंबा", बसा. बरीच बिलं तर "टेबलावर ठेवा" म्हणून संपतात, इतक्या हळू आवाजात की बिल मेलं हे कळायला वेळ लागतो. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस आपलं बिल असं संपल्यावरही बराच वेळ फाइल धरून बसून होता. आमच्या काउंटीच्या प्रतिनिधीने माइकपाशी जाऊन काउंटीचं नाव आणि पाठिंबा सांगितला. सहा-सात सेकंद. मग मी, नाव, फेअरफॅक्सची रहिवासी, पाठिंबा. मग शिक्षिकाबाई, त्यांनी मात्र वर एक वाक्य जोडलं, मी एकतीस वर्षं मुलांना रस्ता ओलांडायला शिकवलंय. अध्यक्षांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. परतीच्या वाटेवर गाडीत त्या झोपल्या आणि मी बाबांना फोन लावला, त्यांच्याकडे तेव्हा रात्र झाली होती, पण ते जागे होते. म्हणाले, "ताबा राज्याकडेच राहिला आणि पाटीचा अधिकार खाली आला, म्हणजे खर्च कुणी करायचा ते लिहिलंय का बघ." चाळीस वर्षं कागद बघितलेला माणूस, बरोबर तिथेच बोट ठेवतो.

अधिवेशन ९ मार्चला संपलं, बिल दोन्ही सभागृहांतून पास होऊन कायदा झालं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालं. आता वस्तीतल्या राज्याच्या रस्त्यांवरही काउंटीला २५ वरून १५ पर्यंत खाली येता येतं. येता येतं, पण हे लिहितेय तेव्हा, म्हणजे २०२४ मध्ये, आलेली नाही. कारण बाबा म्हणाले तेच, पाट्या कुणी लावायच्या, कुठले रस्ते आधी, अभ्यास कुणी करायचा, त्यासाठी काउंटीला आता स्वतःची पद्धत बसवायची आहे. म्हणजे यावेळी रांग रिचमंडला नाही, इथेच. आमच्या पाच जणांच्या बैठका ऑगस्टपासून परत सुरू झाल्यात आणि यावेळी कागद पहिल्यापासून एका पानाचा आहे. त्याचबरोबर पुढच्या अधिवेशनाच्या यादीसाठी क्रॉसिंगबद्दल एक वेगळं वाक्य सप्टेंबरच्या आधीच देऊन झालंय.

लेक आता सातवीत. मिडल स्कूल लांब आहे, तिला बस असते, त्या पांढऱ्या पट्ट्यांवरून तिला जावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या जोडप्याचा मुलगा मात्र दुसरीत आहे, त्याच्या आईची ड्युटी सकाळी सहाला सुरू होते, म्हणून सोमवार आणि गुरुवार मी जाते त्याच्याबरोबर. त्याच्या बॅगेला चमकणारी पट्टी लावलीये. आज सकाळी पट्ट्यांपाशी थांबल्यावर त्याने पाटीकडे बोट दाखवून मोठ्याने वाचलं, "ट्वेंटी फाइव्ह." मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं आणि माझा हात धरला.